न घटवता येणारी गुंतागुंत: कशाभिकेवरून उत्क्रांतीला दिलेलं आव्हान कितपत टिकतं?

सूक्ष्मदर्शी

उत्क्रांती विरुद्ध इंटेलिजंट डिझाइन (सजीवांची रचना कोणीतरी बुद्धीने, हेतूने केली असा दावा) हा विषय निघाला की पाच-दहा प्रतिसादांत गाडी देव आहे की नाही यावर येते आणि मूळ मुद्दा राहूनच जातो. म्हणून धाग्याची हद्द आधीच आखतो. देव, धर्म, नीती यातलं काही इथे नको. अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठाचे जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बेही यांनी १९९६ साली 'डार्विन्स ब्लॅक बॉक्स'मध्ये मांडलेला एकच दावा घेऊ. आधी तो होईल तितका भक्कम मांडू आणि मग तपासू. इंटेलिजंट डिझाइनला यापुढे नुसतं आयडी म्हणतो.

काही यंत्रणांचे सगळे भाग जागेवर असतील तरच त्या चालतात. यालाच बेही 'न घटवता येणारी गुंतागुंत' म्हणतात. बेहींचं आवडतं उदाहरण उंदराच्या सापळ्याचं. फळी, स्प्रिंग, दांडा, अडकवायची कडी आणि खटका, यातलं एक जरी नसलं तरी उंदीर सापडत नाही. थोडे कमी उंदीर सापडतात असं होत नाही, एकही सापडत नाही. नैसर्गिक निवड तर पायरीपायरीने जाते आणि प्रत्येक पायरीला त्या क्षणी काही फायदा लागतो. अर्धवट यंत्रणेचा फायदाच नसेल तर निवड तिला टिकवेल कशी? म्हणून अशी यंत्रणा कोणीतरी हेतूने जुळवलेली असली पाहिजे, असं बेही म्हणतात.

जिवाणूची कशाभिका, म्हणजे पोहण्यासाठी फिरणारी त्याची शेपटी, हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूची कशाभिका म्हणजे जेमतेम २० नॅनोमीटर जाडीचा, पण पेशीच्या कित्येक पट लांब असा पोकळ धागा. फ्लॅजेलिन नावाच्या एकाच प्रथिनाच्या हजारो प्रती एकावर एक रचून तो बनतो. बुडाशी वाकडा आकडा, त्याखाली दांडा, दांड्याभोवती पेशीच्या आवरणात बसवलेली कडी आणि आतल्या बाजूला मोटर. मोटरभोवती मॉट-ए आणि मॉट-बी या प्रथिनांचे संच असतात. त्यांच्यामधून प्रोटॉन आत झिरपतात आणि त्या प्रवाहावर मोटर सेकंदाला शेकडो फेरे घेते. धागा वाढतो तो टोकाकडून: नवं फ्लॅजेलिन आतल्या पोकळीतून सरकत टोकाला जातं आणि तिथल्या टोपीखाली बसतं. हे सगळं उभं करायला ४० च्या आसपास जनुकं लागतात. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे कोणी घडवल्याशिवाय झालं नसेल असं वाटलं, तर त्यात त्याचं काही चुकत नाही.

माझ्या मते दावा अडतो तो एका ठिकाणी. भाग काढल्यावर *आजचं* काम बंद पडतं, हे बऱ्याचदा खरंच असतं. पण उरलेल्या भागांना *कुठलंच* काम नव्हतं, हे त्यावरून ठरत नाही. शिवाय आज अत्यावश्यक असलेला भाग सुरुवातीपासून अत्यावश्यक होता, हेही ठरत नाही. आधी नुसता उपयोगी असलेला भाग पुढचे बदल त्याच्या आधाराने झाल्यावर अनिवार्य होऊन बसतो. जनुकशास्त्रज्ञ हर्मन मुलर यांनी १९१८ साली आणि पुन्हा १९३९ साली हे लिहून ठेवलं आहे. त्यांच्या मांडणीत एकमेकांत अशी अडकलेली यंत्रणा उत्क्रांतीच्या विरोधात जात नाही. उत्क्रांती झाली असेल तर असंच काही सापडलं पाहिजे, असं ते सांगत होते. बेहींच्या कितीतरी आधी!

चर्चा भागाभागाने व्हावी ही विनंती.

अश्वत्थ

आयडीची बाजू इतकी सरळ मांडल्याबद्दल धन्यवाद. त्या बाजूचे आक्षेप लिहितो, कारण त्यांना उत्तर दिल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

पहिला. 'उरलेल्या भागांना दुसरं काम असेल' हे बोलणं सोपं आहे. कुठलं काम, हे दाखवायला हवं. नेहमी टाइप थ्री स्राव यंत्रणेचं नाव पुढे केलं जातं. प्लेगचा यर्सिनिया, साल्मोनेला, शिगेला हे जिवाणू आपल्या पेशींत विषारी प्रथिनं टोचायला जी सुई वापरतात ती. तिचं बूड आणि कशाभिकेचं बूड सारखं आहे हे मान्य. पण ही सुई प्राणी आणि वनस्पतींच्या पेशींवर हल्ला करायला आहे आणि कशाभिका त्याहून जुनी. नंतर आलेली गोष्ट आधीच्या गोष्टीची पायरी कशी होईल?

दुसरा. प्रथिनांमधलं साम्य म्हणजे मार्ग नव्हे. दोन यंत्रांत एकाच मापाचा स्क्रू सापडला म्हणून एकापासून दुसरं झालं असं ठरत नाही.

तिसरा. प्रत्येक पायरी, तिचा फायदा आणि त्या पायरीची शक्यता असा पूर्ण हिशोब कशाभिकेसाठी कोणी दिलेला नाही.

पेशीजाल

अश्वत्थ, तुमचा पहिला आक्षेप अर्धा बरोबर आहे. उत्क्रांतीची बाजू मांडणारे लोक इथे नेहमी घाई करतात. सुई हा कशाभिकेचा पूर्वज नाही. २०१२ साली शेकडो जिवाणूंच्या जनुकसंचांवरून जो वंशवृक्ष काढला गेला त्यात सुईच कशाभिकेपासून निघालेली दिसते. त्यामुळे 'आधी सुई होती, मग कशाभिका आली' असं कोणी लिहिलं तर ते दुरुस्त करावं.

पण याचा परिणाम काय होतो ते बघा. कशाभिकेचे कितीतरी भाग गळून गेले, फिरणं बंद झालं, आणि उरलेला सांगाडा प्रथिनं बाहेर ढकलायचं काम करत राहिला. बेहींचा दावा होता की भाग काढले की यंत्रणा निकामी होते. निसर्गात भाग गेले आहेत आणि उरलेल्याला काम आहे. दिशा कुठलीही असो, दावा इथेच कोसळतो.

दुसऱ्या आक्षेपाबद्दल. हे एका स्क्रूचं साम्य नाही. प्रथिनं बाहेर पाठवणाऱ्या दारातली पाच प्रथिनं, म्हणजे फ्लि-पी, फ्लि-क्यू, फ्लि-आर, फ्ल्ह-ए आणि फ्ल्ह-बी, सुईतही त्याच जागी आणि त्याच कामाला आहेत. दाराशी ऊर्जा पुरवणारं फ्लि-आय हे एटीपी (पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू) बनवणाऱ्या एंझाइमच्या एका उपभागाचं नातलग. ते एंझाइम जवळजवळ प्रत्येक सजीवात आहे. मोटरच्या मॉट-ए आणि मॉट-बीचे नातलग म्हणजे एक्स्ब-बी, एक्स्ब-डी आणि टोल-क्यू, टोल-आर. तेही प्रोटॉनच्या प्रवाहावरच चालतात, पण काम निराळं: बाहेरच्या पडद्यातून लोह आत घ्यायला मदत करणं, पडदा एकसंध ठेवणं. म्हणजे मोटरचा संच कशाभिकेविना स्वतंत्र कामाला लागलेला आजही दिसतो.

शिवाय 'सगळे भाग अनिवार्य' हेही तपासून घ्यावं. बॅसिलस सबटिलिसला बाहेरचा पडदा नाही. त्यामुळे तिथे बसणारी दोन कडी त्याच्या कशाभिकेत नसतात, तरी तो व्यवस्थित पोहतो. सगळ्या जिवाणूंमध्ये समाईक अशी जनुकं मोजली तर आकडा ४० वरून वीस-पंचविसावर येतो.

तिसऱ्या आक्षेपाबद्दल: पूर्ण हिशोब नाही, खरं आहे. पॅलेन आणि मॅट्झकी यांनी २००६ साली पायऱ्यांचा आराखडा मांडला, पण प्रत्येक पायरीचा पुरावा नाही. अब्जावधी वर्षांपूर्वीच्या मऊ जिवाणूचे भाग खडकात मिळत नाहीत. पण 'पायऱ्या अजून माहीत नाहीत' आणि 'पायऱ्या असूच शकत नाहीत' यात फार मोठं अंतर आहे. बेहींना दुसरं विधान सिद्ध करायचं होतं.

रक्तपेढी

+१. बेहींचं दुसरं उदाहरण रक्त गोठण्याचं आहे, त्यावर थोडं.

गोठण्याच्या साखळीत डझनभर घटक, एकाने दुसऱ्याला जागं करायचं. यातला फॅक्टर १२ काढला तर काय होतं? प्रयोगशाळेत एपीटीटी चाचणीत (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी) वेळ लांबतो, कधी कधी खूपच. रिपोर्ट बघून शस्त्रक्रिया थांबवावी असं वाटतं. पण फॅक्टर १२ जन्मापासून नसलेल्या माणसाला रक्तस्रावाचा त्रास होत नाही. देवमासे आणि डॉल्फिन यांच्यात हा घटक मुळातच नाही. पफर माशात तर सुरुवातीच्या टप्प्यातले आणखीही घटक नाहीत.

बेहींना न्याय द्यायचा तर हे सांगायला हवं की त्यांनी पुस्तकात दावा साखळीच्या दोन वाटा जिथे मिळतात त्यापुढच्या भागापुरताच ठेवला होता. पण तिथले थ्रॉम्बिन, फॅक्टर १०, आणि त्यांच्या अलीकडचे ७ आणि ९, हे सगळे एकाच कुटुंबातले आहेत. आतड्यातलं ट्रिप्सिनही त्याच कुटुंबातलं. एका जनुकाच्या प्रती होत जाऊन प्रत्येक प्रतीने वेगळं काम उचललं, याची खूण त्यांच्या क्रमात स्पष्ट वाचता येते.

वाचनमात्र

वाखू साठवली. एक प्रश्न. हे सगळं जुन्या अवशेषांवरून काढलेलं अनुमान झालं. प्रयोगशाळेत, डोळ्यांसमोर, पायरीपायरीने नवं काम जन्माला आलेलं कुठे नोंदलं आहे का?

रसायनवेडा

आहे, आणि ते नीट सांगण्यासारखं आहे.

जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत हा प्रयोग सुरू केला आणि पुढे तो मिशिगन स्टेट विद्यापीठात नेला. एकाच ई. कोलायपासून काढलेल्या १२ वसाहती. ५० मिलिलिटरच्या चंबूत १० मिलिलिटर द्रावण, ३७ अंश तापमान, सतत हलवत ठेवायचं. ग्लुकोज मुद्दाम तुटपुंजं, लिटरला २५ मिलिग्रॅम. काही तासांतच ते संपतं आणि वाढ थांबते. रोज प्रत्येक चंबूतून ०.१ मिलिलिटर उचलायचं आणि ९.९ मिलिलिटर ताज्या द्रावणात सोडायचं. शंभरपट पातळ केल्यामुळे पुन्हा तितकंच भरायला ६.६ पिढ्या लागतात. दर ५०० पिढ्यांनी प्रत्येक वसाहतीचा नमुना ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांत ठेवायचा. तो कधीही बाहेर काढून पुन्हा वाढवता येतो, आणि या प्रयोगाचं खरं बळ तिथे आहे.

भेसळ होऊ नये म्हणून खबरदारी अशी: १२ पैकी सहा वसाहती अरॅबिनोज साखर वापरू शकतात, सहा वापरू शकत नाहीत. ठराविक प्लेटवर एकांचे ठिपके पांढरट आणि दुसऱ्यांचे लाल येतात. काम करताना दोन्ही प्रकार आलटून पालटून हाताळायचे. एका चंबूतलं दुसऱ्यात उडालं तर चुकीच्या रंगाचा ठिपका चुगली करतो.

त्या द्रावणात सायट्रेटही (सायट्रिक आम्लाचं क्षाररूप) असतं, ग्लुकोजच्या कितीतरी पट. ऑक्सिजन असताना ई. कोलाय ते आत घेऊ शकत नाही. त्या जातीची ओळखच यावर पटवतात. ३३,००० पिढ्यांच्या सुमारास एका वसाहतीचा चंबू अचानक गढूळ दिसू लागला. साहजिकच पहिला संशय भेसळीचा. पण खुणेची जनुकं तपासली तर जिवाणू त्याच वंशातला निघाला, आणि तो सायट्रेट खात होता.

मग गोठवलेले नमुने उपयोगी पडले. वेगवेगळ्या पिढ्यांपासून प्रयोग पुन्हा सुरू केला. सायट्रेट खाणारे पुन्हा निघाले, पण फक्त साधारण २०,००० व्या पिढीनंतरच्या नमुन्यांतून. म्हणजे आधी काहीतरी पूर्वतयारी झाली होती. पुढे २०१२ साली जनुकसंच वाचून मुख्य बदल सापडला. सिट-टी नावाचं जनुक सायट्रेट आत आणणारं प्रथिन बनवतं, पण ते ऑक्सिजन असताना बंद असतं. त्या तुकड्याची एक प्रत शेजारीच तयार झाली आणि ती ऑक्सिजनमध्येही चालू असणाऱ्या दुसऱ्या जनुकाच्या स्विचखाली आली. सुरुवातीला नवा गुण फार दुबळा होता. नंतर त्या तुकड्याच्या आणखी प्रती झाल्या आणि वाढ जोरात सुरू झाली.

पूर्वतयारी, बदल, सुधारणा. तिन्ही पायऱ्यांचे नमुने फ्रीझरमध्ये आहेत.

अश्वत्थ

तपशिलाबद्दल आभार. पण २०१६ चा निबंधही सांगायला हवा. आयडाहो विद्यापीठातल्या स्कॉट मिनिच यांच्या गटाने सायट्रेट हेच मुख्य अन्न ठेवलं, तेव्हा १२ ते १०० पिढ्यांतच तसे जिवाणू मिळाले. मग तीस हजार पिढ्यांचं कौतुक कशाला? शिवाय नवी माहिती कुठे तयार झाली? सिट-टी जनुक आधीचंच, स्विच आधीचाच.

रसायनवेडा

निबंध खरा आहे आणि प्रयोगही नीट केलेला आहे. पण त्याने कुठली बाजू भक्कम होते ते बघा. सायट्रेटवाचून उपासमार असेल तर अगदी दुबळा गुणही टिकतो, म्हणून लवकर मिळाला. लेन्स्कींच्या चंबूत ग्लुकोज रोज मिळत होतं. तिथे दुबळा गुण ग्लुकोज खाणाऱ्यांच्या स्पर्धेत हरतो, म्हणून पूर्वतयारी लागली. निवडीचा दाब बदलला की वेग बदलतो, हे नैसर्गिक निवडीचं अपेक्षित वागणं झालं. त्याच प्रकारचे जनुकबदल पुन्हा पुन्हा लवकर होतात, यावरून हा बदल अशक्यप्राय होता असं तर नक्कीच निघत नाही.

'नवी माहिती' या आक्षेपावर: जुन्या जनुकाची प्रत होणं, तिला नवा स्विच मिळणं आणि मग तिच्यात सुधारणा होत जाणं, उत्क्रांती हेच तर सांगते. रक्तपेढी यांनी गोठण्याच्या घटकांबद्दल लिहिलं तेही हेच. कशातूनही काहीही न येता जनुक उपटलं पाहिजे, अशी अट उत्क्रांतीने कधीच घातलेली नव्हती.

पेशीजाल

याला जोडून कशाभिकेचाच एक प्रयोग. रेडिंग विद्यापीठ, २०१५. स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स या मातीतल्या जिवाणूतलं फ्लेक्यू जनुक काढून टाकलं. हे कशाभिका बांधायची आज्ञा देणारं जनुक. ते नसेल तर कशाभिका नाही. असे जिवाणू मऊ अगारच्या (जेलीसारखा पदार्थ) प्लेटवर मधोमध सोडले. जागच्या जागी अन्न संपलं आणि हलता न येणारे अडकले. ९६ तासांच्या आत काही वंश पुन्हा पोहायला लागले होते.

कसं? नायट्रोजनचा कारभार बघणारं एनटीआरसी हे प्रथिन फ्लेक्यूचं दूरचं नातलग. पहिल्या उत्परिवर्तनाने ते प्रमाणाबाहेर सक्रिय झालं आणि चुकून कशाभिकेच्या जनुकांनाही आज्ञा देऊ लागलं. पोहणं कसंबसं सुरू झालं, पण नायट्रोजनचा कारभार बिघडला. दुसरं उत्परिवर्तन खुद्द एनटीआरसीमध्ये झालं आणि त्याचा कल कशाभिकेकडे वळला. मग पोहणं सुधारलं.

याची मर्यादाही लिहितो, नाहीतर कोणीतरी वाढवून सांगेल. कशाभिकेचे भाग इथे नव्याने बनले नाहीत, त्यांची जनुकं शाबूत होती. बदलली ती आज्ञेची साखळी. पण 'एक अनिवार्य भाग काढला की संपलं' या विधानाला हे थेट उत्तर आहे.

कलमकायदा

कोर्टात काय झालं तेही नोंदवून ठेवावं, कारण बेही तिथे साक्षीला होते. पेन्सिल्व्हानियातल्या डोव्हर गावाच्या शाळा मंडळाने ऑक्टोबर २००४ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी ठराव केला की नववीच्या जीवशास्त्रात आयडीची ओळख करून द्यायची. विज्ञान शिक्षकांनी ते निवेदन वाचायला नकार दिला, तेव्हा जानेवारी २००५ मध्ये प्रशासनाच्या लोकांनी वर्गात जाऊन वाचलं. ११ पालक कोर्टात गेले. न्यायमूर्ती जॉन जोन्स यांनी २० डिसेंबर २००५ ला १३९ पानी निकाल दिला: आयडी हे विज्ञान नाही आणि सरकारी शाळेत ते शिकवणं अमेरिकन राज्यघटनेच्या विरोधात आहे.

दोन पुरावे निर्णायक ठरले. एक, मुलांसाठी सुचवलेल्या 'ऑफ पांडाज अँड पीपल' या पुस्तकाचे जुने मसुदे. १९८७ साली सुप्रीम कोर्टाने शाळांतून सृष्टिवाद (सजीव देवाने निर्माण केले हे मत) शिकवण्याच्या सक्तीविरुद्ध निकाल दिला. त्यानंतरच्या मसुद्यात 'सृष्टिवादी' या शब्दाच्या जागी 'डिझाइनचे पुरस्कर्ते' टाकलेलं होतं. एका ठिकाणी बदल अर्धवट राहून दोन्ही शब्द एकमेकांत घुसले होते. व्याख्या तीच, नाव नवं. दुसरा पुरावा, प्रतिकारसंस्थेच्या उत्क्रांतीवरचे ५८ शोधनिबंध, शिवाय पुस्तकं, बेहींसमोर ठेवण्यात आली. विज्ञानाकडे याचं उत्तर नाही असं त्यांनी लिहिलं होतं. हे पुरेसं नाही, असं त्यांनी साक्षीत सांगितलं. उलटतपासणीत त्यांनी हेही मान्य केलं की त्यांच्या व्याख्येने ज्योतिषही 'सिद्धान्त' ठरतं.

अवांतर: आपल्याकडचा वाद या वळणाचा नाही. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विन चुकीचा असल्याचं म्हटलं, तेव्हा देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र निवेदन काढलं. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, त्यावर २०२३ मध्ये अठराशेहून जास्त वैज्ञानिक आणि शिक्षकांनी पत्र लिहिलं. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये मात्र पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे.

फळाआणिखडू

त्याच धड्याबद्दल विचारायचं होतं. हुशार मुलं आता व्हिडिओ बघून येतात आणि कशाभिकेचाच प्रश्न विचारतात. वर्गात ३५ मिनिटांत काय दाखवावं? आणि माणूस-माकडाचा पुरावा द्यायचा झाला तर कुठला द्यावा?

सूक्ष्मदर्शी

कशाभिकेसाठी फळ्यावर दोनच आकृत्या शेजारी काढा: कशाभिकेचं बूड आणि प्लेगच्या जिवाणूची सुई. समान भाग एका रंगाच्या खडूने रंगवा. सुई फिरत नाही, तरी तिला काम आहे, एवढं मुलांना दिसलं की पुरे. सुई आधीची आहे असं मात्र सांगू नका. डोळ्यांसमोर घडणारी उत्क्रांती हवी असेल तर हार्वर्डच्या गटाचा २०१६ चा मोठ्या अगार प्लेटचा व्हिडिओ दाखवा. प्रतिजैविकाचे चढते पट्टे आणि प्रत्येक पट्ट्याच्या काठाशी थबकून पुढे घुसणारे जिवाणू त्यात दिसतात. हा प्रयोग शाळेत करू नका. प्रतिजैविकाला दाद न देणारे जिवाणू वाढवणं धोक्याचं आहे.

दुसऱ्या प्रश्नाआधी एक गोष्ट. बेही स्वतः समान पूर्वज मान्य करतात. त्यामुळे माणूस-माकडाचा पुरावा हा बेहींना उत्तर नाही. तो वेगळा प्रश्न आहे आणि वर्गात दोन्ही मिसळू देऊ नयेत.

रक्तपेढी

पुरावा म्हणून क जीवनसत्त्व घ्या, मुलांना लिंबू-आवळ्यामुळे ते लगेच कळतं. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतः बनवतात. त्यातली शेवटची पायरी करणारं ग्युलो जनुक आपल्यात आहे, पण मोडकं. चिंपांझी, गोरिला आणि माकडांमध्येही मोडकं आहे आणि मोडतोड आपल्याशी जुळते. गिनीपिगलाही क जीवनसत्त्व बनवता येत नाही, पण त्याचं जनुक निराळ्या प्रकारे मोडलेलं आहे. वेगळ्या वंशात वेगळा अपघात. 'गरज नव्हती म्हणून रचनाकाराने तसं ठेवलं' असं कोणी म्हटलं, तर मोडतोडीच्या जागाही वंशावळीप्रमाणे का जुळाव्यात, एवढंच विचारा.

दुसरं, गुणसूत्र २. चिंपांझीत २४ जोड्या, आपल्यात २३. दोन गुणसूत्रं टोकाला टोक जुळून एक झालं असेल तर गुणसूत्राच्या मधेच टोकाची खूण सापडली पाहिजे. १९९१ साली ती सापडली: टोकाला असणारा टीटीएजीजीजी हा क्रम गुणसूत्र २ च्या मधोमध, दोन्ही बाजूंनी एकमेकांसमोर तोंड करून. वर एक निकामी झालेला दुसरा सेंट्रोमियरही (पेशी विभागताना गुणसूत्र जिथे धरलं जातं ती जागा) आहे. खूण झिजलेली आहे, क्रम तंतोतंत उरलेला नाही. मुलांनी तसं विचारलं तर झीज लपवू नका. तिथल्या क्रमाला आता टोकाचं काम नाही, त्यामुळे त्यात झालेले बदल निवडीने गाळले जात नाहीत.